दम कापायचा नाही

हिरामणदादांचं निमंत्रण आलं, तेही कागदावर. २०४३ सालात कागदावर कोण निमंत्रण पाठवतं हो? पण या माणसाचं सगळंच उफराटं. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर शाईच्या पेनानं लिहिलेलं: "मोनाली, रविवारी सकाळी अकराला जुन्या राईस मिलमध्ये नवा अल्बम चाखायला ये. संध्याकाळी सहाला तो जगाला द्यायचा आहे. फोन आणला तर कोठीत टाकावा लागेल."

चाखणं हा त्यांचा शब्द. पंगत बसण्याआधी घरातलं कोणी भाजीचं मीठ बघतं, तसं अल्बम बाहेर काढण्याआधी दादा तीसेक माणसांना बोलावून ऐकवतात. अट एकच, चाखणाऱ्यानं त्यात गायलेलं नसावं. हिरामण गुरनुले म्हणजे खंजिरीवर गाणारा माणूस. आधी भजनं, मग खाणीच्या विरोधातली गाणी. मी विसाव्या वर्षापासून सात वर्षं त्यांची ध्वनिमुद्रणं केली. कान कशाला म्हणतात ते मला त्यांनी शिकवलं. पुढे मी सरकारी नोकरीत गेले, आणि नागपूरच्या स्वर-पडताळणी केंद्रात रुजू झाल्यापासून सात वर्षांत त्यांना तोंड दाखवलं नव्हतं. मी कुठं काम करते ते त्यांना ठाऊक होतं. तिथं नेमकं काय करते ते माझ्या आईलासुद्धा ठाऊक नव्हतं.

जावं की न जावं यात दोन दिवस गेले. शेवटी गेले. मन मानेना.

गिरणी बंद पडून वर्षं झालेली. आत भिंतींना कोंड्याची पोती छतापर्यंत रचलेली, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. दारात पत्र्याची धान्याची कोठी होती, तिच्यात सगळ्यांचे फोन. आम्ही एकतीस जण सतरंजीवर बसलो. ओळखीची फक्त निकुरे नर्सबाई. बेलगाट्याच्या उपकेंद्रात तिनं तीस वर्षं काढली होती. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली, त्यात मीही.

"आली का वं मोनाली!" दादांनी लांबूनच हाक मारली. केस पार पांढरे झाले होते, पण हात तेच, खंजिरी धरून धरून बोटं वाकलेली. "बारीक झाली. तुझ्या आफिसात खायले देत नाही का?"

मी हसले.

सगळे बसल्यावर दादा उभे राहिले. "अल्बमचं नाव 'हवा उराची'. पाच गाणी हायेत. मी म्हणतो आणि माझ्यामागं बावीस जण म्हणतात. ते बावीस बेलगाट्याचे. नावं इचारू नका, सांगणार नाही. आवाजबी बदलून टाकले सगळ्याईचे. जन्म देल्ल्या मायनं ओळखू नये, असे."

नावं का लपवायची, ते तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. बेलगाटा माझं गाव. गावाला लागून मोहाडोंगरी. बॅटऱ्यांना लागणारं खनिज तिच्या पोटात निघालं आणि दहा वर्षांत डोंगर भुईसपाट झाला. धूळ इतकी, की वाळत घातलेलं लुगडं संध्याकाळी झटकावं लागायचं. निम्म्या गावाची फुफ्फुसं दगडासारखी कडक झाली. मग गाव उठवून नव्या वसाहतीत नेलं आणि करार झाला. पक्कं घर, जन्मभर औषधपाणी, ज्याला लागेल त्याला घरी प्राणवायूचं यंत्र. आणि चौदावं कलम: प्रकल्पाविरुद्ध जाहीर कार्यक्रमात किंवा प्रकाशनात सहभाग सिद्ध झाल्यास त्या व्यक्तीचे उपचार बंद. दादांनी करारावर सही केलेली नव्हती, म्हणून ते उघड गात होते. माझ्या आईच्या नाकात चोवीस तास नळी असते. यंत्र काढून नेलं तर ती आठवडाभरही काढणार नाही, असं डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलेलं आहे.

दादांनी दिवे मंद केले आणि पहिलं गाणं सुरू झालं.

आधी नुसती खंजिरी. मग दादांचा आवाज, घासलेला, पण सूर जागेवर:

"डोंगर नेला, झिरा नेला, नेली वाट घराची,
आता तरी मोजू नका हो हवा आमच्या उराची."

आणि मग मागच्या बावीस जणांनी ओळ उचलली. उचलायच्या आधी त्यांनी दम घेतला. बावीस जणांचा दम, एकदम, अगदी कानाशी. दादांचं हे जुनं व्रत. दम कापायचा नाही. बाकीचे ध्वनिमुद्रक गाण्यातले श्वास पुसून टाकतात, स्वच्छ करतात. मी पहिल्या आठवड्यात तसं केलं होतं, तर दादांनी हेडफोन काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "गाणाऱ्याचा दम काढला का गाणं कोणाचंच राहत नाही. दम कापायचा नाही, पोरी." या वेळी तर त्यांनी माइक नाकाशीच लावले असावेत.

दुसऱ्या कडव्याच्या आधी त्यांनी पुन्हा दम घेतला, आणि डावीकडून एक दम वेगळा ऐकू आला. अर्ध्यावर अडखळला. बारीकशी उचकी लागल्यासारखा थांबला, मग उरलेला आत गेला, जाताना दाताच्या फटीतून शीळ वाजली.

तो माझ्या आईचा दम होता.

आता थोडं आमच्या केंद्रातल्या यंत्राबद्दल सांगते. सांगणं गुन्हा आहे, पण मी आता त्याच्या पलीकडे गेले आहे.

दहाएक वर्षांपूर्वी आवाज बदलणारी ॲप्स इतकी सोपी झाली, की कोणीही कोणाच्याही आवाजात बोलू लागलं. कोर्टानं आवाजाचा पुरावा मानणं सोडून दिलं. त्याच सुमाराला फुफ्फुसांच्या एका डॉक्टरला निराळंच काही सापडलं. श्वास आत जातानाचा आवाज नोंदवून तो रोग ओळखायचा. त्याच्या लक्षात आलं, की रोग तर कळतोच, माणूसही कळतो. नाकाचा पडदा कुठं वाकलाय, घसा किती रुंद आहे, दातांत फट आहे का, श्वासनळीला फाटा कुठं फुटतो, हे सगळं त्या अर्ध्या सेकंदात असतं. नळाखाली प्रत्येक घागर आपापल्या आवाजात भरते ना, तसंच हे. आणि आवाज बदलणारी ॲप्स श्वासाला हातच लावत नाहीत. ती कंठातली थरथर पकडतात आणि बदलतात. श्वासात थरथर नसते, नुसती हवेची खळबळ असते. ॲपच्या लेखी तो कचरा, आला तसा पुढं जातो.

आमच्या केंद्रातलं यंत्र तो कचरा वेचतं. बाहेर कोणाला हे माहीत नाही. लोकांना वाटतं आम्ही आवाज तपासतो, म्हणून ते आवाज बदलतात आणि निर्धास्त होतात. खाणीचे वकील विरोधाचं प्रत्येक गाणं आमच्याकडे पाठवतात आणि आम्ही नावं काढून देतो. हे गुपित फोडलं तर तीन वर्षं कैद, अशा कागदावर माझी सही आहे.

पण श्वास जुळवायला आधीचा नमुना हवा. बेलगाट्याचे नमुने कुठून आले? मी आणले. दादांकडून निघाल्यावर चार वर्षं मी आरोग्याच्या गाडीवर होते. गावच्या पारावर यंत्र मांडून एकेकाला बसवायची. "मावशी, तोंड उघडून जोरात दम घ्या. अजून एकदा. औषध मिळेल." औषध मिळालंही, तेव्हा मी खोटं बोलत नव्हते. मग एक दिवस आदेश निघाला, सगळे नमुने पडताळणी केंद्राकडे वर्ग. त्यांच्यासोबत मीही वर्ग झाले, वरच्या पदावर. सही केली. खरं सांगायचं तर आनंदानं केली.

तर मी त्या सतरंजीवर बसले होते आणि गाणं चालू होतं. पहिला विचार काय आला सांगू? लाज वाटते, पण सांगते. सोमवारी हा अल्बम माझ्याच टेबलावर येणार. आईचं तेवढं नाव मी यादीतून काढून टाकीन. एक नाव कमी निघालं तर कोण विचारतो? गप्प बसायचं, जेवायचं, घरी जायचं.

दुसरं गाणं लागलं. आता कान उघडलेच होते, ते मिटता येईनात. हा नाकपुड्या फुलवून घेतलेला दम पांडुरंग सोनुल्यांचा, हा तोकडा विमलकाकूंचा, हा शेवटी खर्र होणारा नथ्थू कोव्यांचा. सगळे माझ्यासमोर खुर्चीवर बसून गेलेले. बावीसच्या बावीस मला नावानिशी ओळखू येत होते, यंत्राची गरजच नव्हती. एक नाव दडवता आलं असतं, बावीस नाही. पाचव्या गाण्यापर्यंत मी हुंदका दाबून बसले होते आणि शेजारच्या नर्सबाईला वाटलं गाण्यानं रडू येतंय. तिनं पदर पुढं केला.

गाणी संपली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग आलुबोंडे आणि चहा आला. मी दादांचा हात धरून त्यांना पोत्यांच्या मागे नेलं.

"दादा, हे आज सोडू नका."

"काहून? मीठ कमी पडलं का?"

"दादा, दम ओळखू येतात."

त्यांना कळेना. मी सगळं सांगितलं. यंत्र, नमुने, चौदावं कलम, माझं टेबल. सांगताना मी त्यांच्याकडे बघत नव्हते, पोत्याची शिवण बघत होते.

"म्हणजे पारावर तू जे दम घेतले लोकाईचे," दादा हळू म्हणाले, "ते याच्यासाठी?"

"तेव्हा नव्हते याच्यासाठी."

"मंग?"

"मग झाले. आणि मी थांबवलं नाही."

त्यांनी हात उचलला. मला वाटलं मारतात. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. पण तो हात त्यांनी स्वतःच्याच तोंडावर दाबून धरला आणि खाली बसले. "आम्ही माइक नाकाशी लावले, मोनाली. मुद्दाम लावले. मीच सांगत होतो एकेकाले, दम मोठा घे, लाजू नको, दमाचंच गाणं हाये हे. बावीस जणांच्या गळ्यावर मी माझ्या हातानं सुरी ठेवली न बाप्पा."

मी पण खाली बसले.

"वच्छलाबाईचा दम ओळखला तू?" त्यांनी विचारलं. वच्छला म्हणजे माझी आई.

"पहिल्याच गाण्यात."

"तिनंच सांगतलं होतं, मोनीले कळू देऊ नका, तिची नोकरी जाईन." दादांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. "नळी काढून गायली ती. चार ओळी म्हणे, नळी लावे, पुन्हा काढे. मी म्हटलं राहू दे, तर माझ्यावरच चिडली."

थोड्या वेळानं ते उठले, ध्वनिमुद्रणाच्या यंत्राशी गेले आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. "काप."

"दादा..."

"काप म्हणतो ना! गाणं मेलं तरी चालंल, माणसं नाही."

मी कापले. सात वर्षं ज्या हातांनी दम जपले त्याच हातांनी पहिल्या गाण्यातले सगळे दम दहा मिनिटांत पुसले. तेवढ्यात लोक चहा संपवून जागेवर आले होते. दादांनी काही न सांगता गाणं लावलं. सूर होता, ताल होता, शब्दही होते.

कडवं संपायच्या आत निकुरे नर्सबाई म्हणाली, "हे कोण म्हणून राह्यलं? मघाचे लोक कुठी गेले?"

दादांनी गाणं बंद केलं. आणि मग त्यांनी त्या सगळ्यांना सांगून टाकलं. माझं नाव नाही घेतलं. पण मी उभी राहिले आणि म्हणाले, "ते नमुने मी घेतलेत. यंत्रावर मीच बसते."

एका तरुण वकिलानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी नजर खाली घातली.

"यंत्रानं बनवलेला दम लावता येत नाही का?" कोणीतरी विचारलं.

"बनवलेला लगेच पकडला जातो. मग पूर्ण अल्बमवर बंदी येते. खऱ्या माणसाचाच लागतो."

"मग आमचा घ्या न," नर्सबाई म्हणाली. इतक्या सहज, जसं कोणी पाणी मागितलं होतं. "आम्ही का खोटी माणसं हाओत?"

मी तिला समजावलं. सगळ्यांनाच समजावलं, कारण एकदा न सांगता नमुने घेऊन बसले होते, आता तसं करायचं नव्हतं. "गाणं बाहेर पडलं की यंत्र दमावरून नाव काढणार. ज्याचा नमुना सरकारकडे असेल त्याचं नाव निघेल. तुमच्यावर करार नाही, तुमचं औषध बंद होणार नाही. पण फाइल उघडेल. पेन्शन अडेल, पासपोर्ट अडेल, पोरांच्या नोकऱ्यांत आडवं येईल. हे कळून ज्याला द्यायचा त्यानं द्यावा."

चौदा जण उठले. वकीलही उठला. कोठीतून आपापले फोन घेतले, एकदोघं दादांच्या पाया पडले. जाणाऱ्यांना कोणी दोष दिला नाही. घरोघर लेकरं असतात. सतरा उरलो, मला धरून. बावीस दम हवे होते. पाच जणांनी दोनदोन द्यायचं कबूल केलं.

दुपारभर काम चाललं. एकेकानं माइकसमोर बसायचं, कानात गाणाऱ्याची ओळ ऐकायची आणि त्यानं जिथं दम घेतला तिथं दम घ्यायचा. मला तेवढंच हवं होतं. पण दादा अडून बसले.

"नुसता दम घेऊन उठायचं नाही. ओळ म्हणायची."

"दादा, ओळ वापरायचीच नाहीये. वेळ जातोय."

"जाऊ दे. मंडळात दम घेतला का ओळ सोडायची नाही. तुले माहीत हाये."

माहीत नसायला काय झालं? बेलगाट्याच्या भजन मंडळाची ही रीतच. दादा हात वर करतात, सगळे दम घेतात, हात खाली आला की ओळ. दम घेऊन जो ओळ सोडतो त्याच्यावर ती ओळ बाकी राहते, म्हणेपर्यंत. मी बारा वर्षांची असताना आईनं मला मंडळात बसवलं होतं. दादांचा हात वर गेला, मी दम घेतला, आणि इतक्या लोकांसमोर कंठ फुटेचना. सगळे हसले. मी उठून पळाले ती कधी परत गायला बसले नाही. पुढे ध्वनिमुद्रणाच्या यंत्रामागे बसायला लागले. यंत्रामागे कोणी हसत नाही.

तर सोळा जण बसले. ज्यांना सूर माहीत नव्हता तेही गायले. नर्सबाईनं विमलकाकूंचा दम दिला आणि ओळ म्हणताना मध्येच हमसून रडली, पण पूर्ण केली. साडेचारला एकच दम उरला, माझ्या आईचा. तो कोणाला देऊ दिला नव्हता मी.

मी माइकसमोर बसले. कानात आईची ओळ. आवाज बदललेला, कुठल्यातरी अनोळखी बाईचा, पण आधीचा दम तिचा, अडखळत, शीळ वाजवत. दादांनी हात वर केला. मी दम घेतला.

हात खाली आला. ओळ आली नाही. सव्वीस वर्षांनी तेच.

दादांनी माझा हेडफोन काढून घेतला. मग म्हणाले, "दम चांगला हाये. लावून टाक. तुझी ओळ बाकी."

सहा वाजता अल्बम बाहेर पडला.

सोमवारी दहाला मी केंद्राच्या दारात उभी राहिले. आमचं दार श्वासावर उघडतं. छिद्राशी तोंड नेऊन दम घेतला, दार उघडलं. म्हणजे माझा नमुना यंत्राकडे आहेच, रोज ताजा होतो. तो कोणी वेगळा मागायचीही गरज नव्हती.

साडेदहाला देवतळे साहेब आले, आमचे विभागप्रमुख. सज्जन माणूस, निवृत्तीला आठ महिने उरलेले. "मॅडम, खाणवाल्यांची तक्रार आली आहे. 'हवा उराची' म्हणून काही आहे. घ्या लवकर."

मी घेतला. वीस मिनिटं यंत्र चाललं. साहेब माझ्या खुर्चीमागे चहा पीत उभे होते. पडद्यावर यादी आली. दादांचं नाव उघडच होतं. मागच्या बावीस दमांत सोळा जागी 'नमुना उपलब्ध नाही'. पाच नावं निघाली, त्यात निकुरे नर्सबाईचं होतं. करारातलं एकही नव्हतं. आणि सहावं नाव, जुळणी नव्याण्णव टक्के: मोनाली लेनगुरे, वरिष्ठ परीक्षक.

साहेबांचा कप बशीत वाजला. "काहीतरी गडबड आहे. तुम्ही इथं बसलाय, तुमचाच श्वास यंत्रानं पकडला असेल. पुन्हा चालवा."

ते मला वाट काढून देत होते. मी ती घेतली असती तर घरी जेवायला गेले असते. पण पुन्हा चालवलं असतं तर तेच आलं असतं, आणि मग ते बाकीच्यांकडे बारकाईनं बघायला लागले असते, आवाजाखालून दम कसे बदलले, कोणाच्या जागी कोणाचे आले. एक नाव कबूल झालं की यंत्र शहाणं ठरतं आणि फाइल बंद होते.

"गडबड नाही, सर. तो माझाच आहे."

साहेबांनी पडदा बंद केला. मग कप ठेवला. "अहवाल मी पाच वाजता पाठवतो. तोवर एखादा वकील गाठा, बाई." माझ्यासोबत दरवाजापर्यंत आले आणि तिथं थांबून म्हणाले, "तुमच्या आई वसाहतीत असतात ना?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि आत निघून गेले.

वकिलाकडे मी गेले नाही. बस पकडली. वसाहतीत पोचले तेव्हा चार वाजत आले होते. एकसारखी घरं, एकसारखे निळे दरवाजे, आणि प्रत्येक दरवाजाआड प्राणवायूच्या यंत्राची घरघर. त्या घरघरीवरून दादांची खंजिरी ऐकू येत होती, या घरातून, त्या घरातून. कोणी मोठ्यानं लावलं नव्हतं. तरी सगळीकडे होतं.

आई खाटेवर बसली होती, नाकात नळी, मांडीवर फोन. मला बघून तिनं गाणं थांबवलं.

"काहून आली वं आज? सुट्टी हाये का?"

"नोकरी गेली, आई." मी तिच्या पायाशी बसले. "कदाचित नेतीलही मला. तीन वर्षं."

तिनं फोनवर बोट ठेवून गाणं मागं नेलं, दुसऱ्या कडव्याआधी आणून सोडलं. बावीस दम वाजले. तिनं पुन्हा मागं नेलं. पुन्हा लावलं.

"सकाळपासून आयकून राह्यली मी," ती म्हणाली. "माझ्या जागी माझा दम नाही. दादाले फोन लावला तर उचलत नाही." तिनं माझ्या हनुवटीला धरून तोंड वर केलं. "लहानपणी रडायच्या आधी तू असाच दम घेत होती. आधी वाटलं भास होऊन राह्यला. तुझाच हाये न तो?"

मला रडू फुटलं. "आई, पारावर तुझा दम मी घेतला होता. सगळ्यांचे घेतले. औषधासाठी म्हणून घेतले आणि मग त्याचं काय झालं ते तुला कधी सांगितलं नाही. मला माफ कर."

तिनं सगळं ऐकून घेतलं. मी काय केलं, काल काय झालं, आज काय झालं. रागावली का नाही, ते तिच्या तोंडावरून मला कळलं नाही. मध्ये दोनदा खोकला आला, मी पाठ चोळली. बाहेर विमलकाकूंच्या घरातलं गाणं संपून पुन्हा सुरू झालं.

"दादानं ओळ म्हणाले लावली असंल," ती शेवटी म्हणाली.

"लावली. आली नाही."

"म्हणजे बाकी हाये."

"हो."

आईनं नाकातली नळी काढली. मी घाबरून तिचा हात धरला, तर तिनं तो झटकला. सरळ बसली. गाणं लावलं, फोन मांडीवर ठेवला, आणि दादा करतात तसा उजवा हात वर केला. हात खाली येत नव्हता. ती माझ्याकडे बघत थांबली होती.

मी दम घेतला. तिनंही घेतला, अर्ध्यावर अडखळून.

हात खाली आला, आणि मी ओळ म्हटली.